मदत हवी आहे: ग्रंथालय आणि आयटीवाल्यांना कोहा एकत्र कसं शिकवायचं?

विद्यापीठाचं ग्रंथालय सोल या सॉफ्टवेअरवरून कोहा या दुसऱ्या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर नेतोय. डेटा आला, अडलंय माणसांपाशी. देवनागरी शीर्षक सर्चमध्ये सापडलं नाही की ग्रंथालयवाले म्हणतात सर्व्हर बघा, आयटीवाले म्हणतात नोंद तपासा. (खरं तर कोहातल्या झेब्रा या सर्च इंजिनचं देवनागरीसारख्या लिपींसाठीचं आयसीयू सेटिंग आणि मार्क २१ या नोंदीच्या प्रमाण साच्यातलं शीर्षकाचं २४५ फील्ड, दोन्ही शेजारी बसूनच बघायला हवं.) वेगवेगळं प्रशिक्षण देऊन झालं, एकत्र व्याख्यान ठेवलं तर निम्मे पेंगत होते. टेस्ट सर्व्हर आहे, बाहेरचा ट्रेनर परवडत नाही. देवघेव काउंटर बंद ठेवता येत नाही, म्हणून रोज तासभरच मिळेल. दोन्ही विभागांच्या जोड्या लावून कुणी शिकवलंय का? सुरुवातीला नेमकी कोणती कामं जोडीने करायला दिलीत, आणि ग्रंथालयाच्या माणसाला टेस्ट सर्व्हरवर कुठपर्यंत हात घालू दिलात?