मदत हवी आहे: स्वीडनमध्ये डाल्सलँडला तळ्याकाठच्या घरात एक आठवडा, सहाजण

सईची आई

नमस्कार. दीर गोथेनबर्गला असतात. त्यांच्याकडे जाणार आहोत, त्याला जोडून एक आठवडा डाल्सलँडमध्ये तळ्याकाठी लाकडी घर भाड्याने घ्यायचं चाललंय. आम्ही सहाजण: सासरे ७१, सासूबाई ६८, आम्ही दोघं, मुलं ११ आणि ५ वर्षांची. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी. गाडी नवरा चालवेल.

प्रश्न असे:
१. जूनचा पहिला आठवडा बरा की १५ ऑगस्टच्या पुढचा? गणपतीआधी परत यायचं आहे.
२. घराच्या जाहिराती वाचताना नेमकं काय बघायचं? सगळे फोटो सारखेच सुंदर दिसतात.
३. मुलं आणि पाणी: काय काळजी घ्यायची?
४. इथून खायचं काय नेता येतं?
५. डॉक्टर, किडे, गाडी यांबद्दल काही खास?

उत्तरवारा

आधी तारखा. १५ ऑगस्टच्या पुढचा आठवडा घ्या. स्वीडिश शाळा मध्य जून ते मध्य ऑगस्ट बंद असतात आणि जुलैत अर्धा देश सुट्टीवर असतो, त्यामुळे त्या काळात भाडं सगळ्यांत जास्त. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात भाडं उतरतं, तळ्याचं पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि जंगलात ब्लूबेरी असतात. जूनच्या सुरुवातीला पाणी मुलांना उतरवत नाही इतकं गार असतं. शिवाय तेव्हा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि नीट अंधार होतच नाही. बऱ्याच घरांना जाड पडदे नसतात, वयस्कर माणसांची झोप मोडते. ऑगस्टमध्ये रात्र रात्रीसारखी असते.

घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. जाहिरातीत तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक असतो. तुम्हाला हवा तो साधारण ३४ वा, पण कॅलेंडरवर ताडून घ्या.

आता जाहिरात. फोटो शेवटी बघा, आधी पाणी, संडास आणि झोपायची जागा या तीन ओळी वाचा. सहा माणसांचा आठवडा यावरच ठरतो.

पाणी: ‘सोम्मारवात्तेन’ (उन्हाळ्यापुरतं नळाचं पाणी) लिहिलं असेल तर नळ असतो, पण पाणी बऱ्याचदा थेट तळ्यातून येतं, ते प्यायचं नसतं. पिण्याचं पाणी ‘आणावं लागेल’ असं असेल तर हिशोब करा. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ४ लिटर, म्हणजे दिवसाला २४ लिटर. १० लिटरचे तीन कॅन रोज कुठून आणि किती अंतरावरून भरायचे, ते मालकाला विचारा. विहीर असेल तर ऑगस्टमध्ये आटते का, तेही विचारा. गरम पाण्याची टाकी किती लिटरची हा प्रश्न कुणी विचारत नाही. ३० लिटरच्या टाकीत दोन-तीन झटपट आंघोळी होतात, मग तासभर थांबायचं.

संडास: तुमच्यासाठी फक्त ‘डब्ल्यूसी’ (पाण्याने फ्लश होणारा संडास) लिहिलेलं घर बघा. ‘ऊतेदास’ म्हणजे अंगणापलीकडचा कोरडा संडास. सासूबाईंना रात्री ओल्या गवतातून, पायऱ्या उतरून जावं लागेल. ‘सेपारेट’ किंवा ‘मुल्तोआ’ नावाचा संडास घराच्या आत असतो, पण तोही कोरडाच. त्यात धुण्याचं पाणी ओतलं की भांडं भरतं, कुजण्याची क्रिया बिघडते आणि तिसऱ्या दिवसापासून घरभर वास येतो. आपल्या माणसांना पाण्याशिवाय जमत नाही, म्हणून हा मुद्दा आधीच निकालात काढा. डब्ल्यूसी असला तरी मैला घराच्याच टाकीत जातो. कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही, ओले वाइप्सही नाहीत.

झोपायची जागा: ‘६ खाटा’ यात सोफा आणि माळाही मोजलेला असतो. माळ्याची शिडी जवळजवळ उभी असते, तिचा वेगळा फोटो मागवा. पाच वर्षांच्या मुलाला वर झोपवू नका. ‘येस्टस्टूगा’ म्हणजे अंगणातली वेगळी खोली, तिच्यात बहुधा संडास नसतो. आजी-आजोबांना मुख्य घरात खालची खोली द्या.

चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सहसा तुमचे तुम्ही न्यायचे. निघताना घर स्वच्छ करून द्यायचं, नाहीतर सफाईचे वेगळे पैसे. कचरा कुठे नेऊन टाकायचा तेही विचारून ठेवा.

पाणवठा

प्रश्न ३ बद्दल.

तळं शांत दिसतं म्हणून सुरक्षित नसतं. ऑगस्टमध्ये वरचं पाणी १८ ते २० अंश असलं तरी खाली ते झपाट्याने गार होतं. धक्क्यावरून उडी मारली की गारठ्याने श्वास एकदम आत ओढला जातो आणि तोंडात पाणी जातं. पोहता येणाऱ्यालाही हे होतं. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी काठावरून चालत उतरायचं, उड्या नाहीत. तळाशी खडक किंवा बुडालेले ओंडके असतात, पाणी चहासारखं तपकिरी असल्याने दिसत नाहीत.

लाइफ जॅकेट वजनावर असतं, वयावर नाही. घरात ‘आहेत’ म्हणतात ती बहुधा मोठ्यांची असतात. दोन्ही मुलांचं किलोत वजन मालकाला कळवा, नाहीतर गोथेनबर्गहून विकत घेऊन जा. पाच वर्षांच्या मुलाचं मानेमागे कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा जाणारं हवं. पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घालून झाल्यावर खांद्यापाशी धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत आलं तर मोठं आहे. धक्क्यावर खेळतानाही ते अंगावरच राहू दे.

वल्ह्याची होडी असेल तर आधी तळाचं बूच बसलंय का बघा, साचलेलं पावसाचं पाणी डब्याने उपसा. सहाजण एका खेपेत नाही: दोन मोठी आणि एक मूल, बास. होडीत उभं राहून जागा बदलायची नाही. स्तूरा ले हे तळं उत्तर-दक्षिण लांबच लांब आहे, वारा त्या दिशेने सुटला की लाटा उठतात. तिथे काठ धरूनच फिरा. लेलोंग किंवा लाक्सशोन या तळ्यांच्या लहान खाड्या नवशिक्यांना जास्त बऱ्या.

मुलांना गळ टाकून बघायचा असला तर: स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात फिरायचा, बेरी खुडायचा हक्क सगळ्यांना आहे, पण मासेमारी त्यात येत नाही. वेनर्नसारख्या पाच मोठ्या तळ्यांत गळाने मासेमारी मोफत, बाकी ठिकाणी त्या तळ्याचं ‘फिस्केकुर्ट’ (मासेमारीचा परवाना) घ्यावं लागतं. ‘आयफिस्के’ या वेबसाइटवर किंवा गावातल्या दुकानात मिळतं. हक्क आहे म्हणून दुसऱ्याच्या घराच्या अंगणातून किंवा धक्क्यावरून जायचं नाही.

एक दिवस होवेरुदला जा. तिथे १८६८ साली खुला झालेल्या डाल्सलँड कालव्याचा लोखंडी जलसेतू आहे. धबधब्याच्या वरून होडी जाते, त्यावर रेल्वेचा पूल आणि त्याच्याही वर रस्ता. अकरा वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं अवघड. सासूबाईंना बसून बघता येतं.

फोडणी

तूप नेऊ नका. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात आलं, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं-भाज्या, आंबे, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं; सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस, ड्युरियन यांना. डाळी, पोहे, भाजणी, कोरडे मसाले, हिंग, लोणचं, पापड यांची अडचण नाही. लोणचं चेक-इन सामानात ठेवा.

तूप तिथेच कढवा. बिनमिठाचं लोणी (पाकिटावर ‘उसाल्तात’) इका किंवा कूप या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. मसूर डाळ ‘रोदा लिन्सेर’ नावाने सगळीकडे असते. दह्याला साधं ‘नातुरेल’ योगर्ट. कढीला ते चालतं, विरजणालाही. कणीक मात्र गोथेनबर्गच्या भारतीय दुकानातून भरून न्या. तिकडच्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या वातड होतात.

स्वयंपाकाची शेगडी बहुधा विजेची, जाड लोखंडी तव्यांची असते. ती हळू तापते आणि बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं तापलेलीच राहते. कुकरला तीन शिट्ट्या करायच्या तर दुसरीला बंद करा. फोडणीच्या धुराने आगीची घंटा वाजते. पंखा लावा, खिडकी उघडा, पण घंटेची बॅटरी काढू नका. लाकडी घर आहे.

जुन्या घरांत १० अँपियरचे फ्यूज असतात, म्हणजे एका वेळी साधारण २३०० वॉट. किटली आणि हीटर एकत्र लावले की फ्यूज उडणार. जादा फ्यूज कुठे ठेवलेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आपल्या तीन पिनांच्या मिक्सरला अडॅप्टर लागेल.

रानवाट

व्हिसा: शेंगेन, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाच्या आत शुल्क नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. सासऱ्यांच्या आधीपासूनच्या आजाराला तो लागू आहे का, हे लेखी घ्या.

गाडी: सहाजण आणि सामान पाच आसनी गाडीत मावणार नाही, सात आसनी घ्या आणि लवकर ठरवा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट सक्तीची आहे. दिवसाही दिवे चालू ठेवायचे. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर एल्क (मोठी हरणं) येतात, त्या वेळी वेग कमी ठेवा. धडक झालीच तर ११२ ला (आपत्कालीन नंबर) कळवणं आणि जागेवर खूण करणं बंधनकारक आहे.

शेवटचे काही किलोमीटर खडीचा रस्ता असतो आणि तिथे पत्त्याने घर सापडत नाही. मालकाकडून अक्षांश-रेखांश घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि तेच आकडे कागदावर लिहून दाराशी चिकटवा. ११२ ला फोन करताना नेमके तेच सांगावे लागतात. मोठं रुग्णालय ट्रोलहेट्टनला आहे, डाल्सलँडमधल्या बेंग्ट्सफोर्स गावाहून तासाभरापेक्षा जास्त. रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट न्या, अर्ध्या हातातल्या सामानात.

गोचिड्या हा खरा विषय. उंच गवतात त्या असतात. पूर्ण पँट, पायमोजे पँटवर ओढलेले. रोज संध्याकाळी मुलांच्या कानांमागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे बघा. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरा, सरळ ओढा; तेल-लोणी लावू नका. लवकर काढली तर बोरेलियाचा (गोचिडीतून होणाऱ्या जिवाणूच्या आजाराचा) धोका बराच कमी होतो. नंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ वाढत गेलं तर डॉक्टर गाठा, त्यावर प्रतिजैविकं आहेत. गोचिडीतून येणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू मात्र चावल्याबरोबर येऊ शकतो आणि त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतराने. दीर तिथेच राहतात, त्यांच्या घरच्यांनी घेतली नसेल तर जरूर घ्यावी. तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ब्लूबेरी खुशाल खुडा. अळंबी नाही. तिकडे मूत्रपिंड निकामी करणारी एक जात खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, ॲपवर फोटो बघून ती ओळखता येत नाही.

सईची आई

सगळ्यांचे खूप आभार. लेलोंगजवळ एक घर मिळतंय: डब्ल्यूसी आहे, विहीर आहे, खाली दोन खोल्या. गरमीला लाकडाची शेगडी आणि तळ्याकाठी सॉना (गरम वाफेची खोली). शेगडी रात्रभर जळती ठेवायची का? आणि सासऱ्यांनी सॉना घ्यावा का? बाहेर चूल मांडून भरीत करायचा बेतही आहे.

धुरांडं

रात्रभर नको. विझतानाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. धोका होतो तो ऊब टिकावी म्हणून धुराड्याची झडप लवकर बंद केल्याने. एकही लाल निखारा दिसत असेल तोवर झडप उघडीच. डोकं दुखणं, मळमळ हे पहिलं लक्षण. लागलीच सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ११२. बॅटरीवरचा डिटेक्टर गोथेनबर्गहून घ्या आणि झोपायच्या खोलीत ठेवा.

पेटवायची रीत: झडप पूर्ण उघडा, पेटता कागद आत धरून धूर वर ओढला जातोय का बघा. खाली दोन-तीन सुके बर्चचे ओंडके, वर बोटाएवढ्या ढलप्या, आणि आग वरून लावा. खालून लावली की थंड धुराडं ओढत नाही, खोलीत धूर भरतो. साल ओलसर, जड लागली तर ते लाकूड बाजूला ठेवा.

सॉना: डॉक्टरांनी हो म्हटलं तर खालच्या फळीवर, ६० अंशांच्या आसपास, पाच-सात मिनिटं, सोबत कुणीतरी हवंच. तिथून थेट तळ्यात उडी सासऱ्यांनी अजिबात मारायची नाही, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

भरीत: आधी ‘ब्रँडरिस्क ऊते’ या आगीच्या धोक्याच्या ॲपवर त्या नगरपालिकेत आगबंदी आहे का बघा. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये मोठे वणवे लागले होते, लोक हा नियम मनापासून पाळतात. बंदी नसेल तर मालकाने दाखवलेल्या जागीच आग करा. उघड्या कातळावर करू नका, उष्णतेने तो तडकतो आणि तो डाग कायमचा राहतो. वांगी शेगडीतल्या निखाऱ्यांवरही उत्तम भाजतात.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, बादली बाहेर दगडावर ठेवा. कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत राख कधीच भरू नका, आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.