उत्परिवर्तनातून नवी आनुवंशिक माहिती निर्माण होऊ शकते का?

मासुंदा (ठाणे) :

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधले पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. नौपाड्यात मी ज्या मुलांना ते शिकवते, त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी एक आक्षेप लेखी पाठवला आहे. त्याचा आशय असा : उत्परिवर्तन म्हणजे डीएनएची नक्कल होताना झालेली चूक, चुकीमुळे असलेली माहिती बिघडते किंवा नाहीशी होते, नवी कधीच तयार होत नाही, तेव्हा साध्या जीवाणूपासून माणसापर्यंत येण्यास लागणारी माहिती आली कुठून?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सही करून विरोध नोंदवला होता. तो भाग वर्गात राहावा असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर त्यावरच्या शंकांना वर्गातच उत्तर देण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

माझ्या मते आक्षेप चुकीचा आहे, आणि त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. डीएनएची माहिती ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते, त्यांपैकी एका ठिकाणी 'ए' जाऊन 'जी' आला म्हणून माहिती घटली असे आपण म्हणत असू, तर त्याच ठिकाणी 'जी' जाऊन पुन्हा 'ए' आल्यास ती वाढली असे म्हणावेच लागेल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही घटना एकाच जातीच्या आहेत. त्यांपैकी एकच शक्य आणि दुसरी अशक्य असे म्हणण्याला काही आधार दिसत नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे.

खाडीपूल (वाशी) :

मी आयुष्यभर दूरसंचार क्षेत्रात अभियंता म्हणून काम केले, त्यामुळे 'माहिती' हा शब्द सैलपणे वापरलेला मला खटकतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलेल्या मापाने मोजले तर निव्वळ खरखरीतही भरपूर 'माहिती' असते, कारण ते माप अर्थाची दखलच घेत नाही. त्या मापाने उत्परिवर्तन माहिती वाढवते हे मी विनातक्रार मान्य करतो, परंतु त्या पालकांचा प्रश्न तो नाही. त्यांचा प्रश्न कार्याचा आहे : पेशीला पूर्वी न येणारे एखादे काम चुकीतून येऊ लागते का?

ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या तसतसे अपपाठ शिरत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. नक्कलकारांच्या हातून चुका पुष्कळ झाल्या असतील, परंतु चुकीतून अर्थपूर्ण नवी ओवी जन्मल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

नेहमी दिली जाणारी उदाहरणेही तपासून पाहावीत. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषध जीवाणूच्याच काटजी या विकरामुळे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे) क्रियाशील होते. ते विकर बिघडले की औषध निकामी ठरते. याला नवे कौशल्य कसे म्हणावे? रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून ई. कोलाय जीवाणूंच्या १२ वसाहती वाढवल्या, आणि सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यांतल्या एकीला ऑक्सिजन असताना माध्यमातले सायट्रेट हे संयुग अन्न म्हणून वापरता येऊ लागले, हे खरे आहे. परंतु सायट्रेट आत आणणारे जनुक त्या जीवाणूत पूर्वीपासूनच होते. त्याची एक जादा प्रत अशा जागी जाऊन बसली की ते ऑक्सिजन असतानाही चालू राहिले. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने वेगळ्या परिस्थितीत हेच १०० पिढ्यांच्या आत घडवून दाखवले. दिवा होताच, फक्त बटण दाबले गेले.

कोपरीकर (ठाणे पूर्व) :

क्षयरोगाच्या उदाहरणाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. रुग्णांमध्ये काटजीचे जे उत्परिवर्तन सर्वाधिक आढळते, त्यात ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) येते. हे विकर मोडीत निघालेले नसते. जीवाणूच्या बचावासाठी लागणारे त्याचे मूळ काम बऱ्याच अंशी चालू राहते, फक्त औषधाला क्रियाशील करण्याची त्याची क्षमता खूप कमी होते. मूळ प्रथिनाला आपले काम राखून औषधाला टाळणे जमत नव्हते, या प्रथिनाला ते जमते. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर ते जीवाणूच्या ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रथिनच असे बदलते की औषध त्याला चिकटत नाही, पण प्रथिनाचे काम चालू राहते. आपल्या मुंबई-ठाण्यात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने जे नुकसान केले आहे ते पाहता, या बदलांना केवळ 'बिघाड' म्हणणे मला पटत नाही.

पारसिक (रबाळे) :

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषधनिर्मितीत नव्या रेणूची जी पहिली सुरक्षा तपासणी होते, तीच या चर्चेचा कणा ठरू शकते असे मला वाटते. तिला एम्स चाचणी म्हणतात, आणि मी ती नेहमी करते.

या चाचणीसाठी साल्मोनेलाचे असे वाण वापरतात ज्यांचे हिस्टिडीन हे वाढीला लागणारे अमिनो आम्ल बनवणारे एखादे जनुक उत्परिवर्तनाने आधीच निकामी झालेले असते. ते वाण हिस्टिडीनचा अंशच असलेल्या माध्यमावर पसरून थाळी ३७ अंशांना सुमारे दोन दिवस ठेवायची. तेवढ्या अंशावर पेशी काही वेळा विभागतात आणि थाळीभर धुक्यासारखा पातळ थर येतो. मग हिस्टिडीन संपते आणि वाढ थांबते. त्या धुक्यात जागोजागी टाचणीच्या डोक्याएवढे ठसठशीत पांढरे ठिपके उठतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पुन्हा उत्परिवर्तन होऊन हिस्टिडीन बनवू लागलेल्या एका पेशीचा वंश. औषध न घातलेल्या थाळीतही असे ठिपके येतातच. प्रत्येक वाणाची त्यांची नेहमीची संख्या माहीत असते, आणि औषधामुळे ती वाढली की त्या रेणूकडे संशयाने पाहिले जाते.

मासुंदा यांनी तर्काने जे मांडले ते येथे डोळ्यांना दिसते. त्यावर 'जुनीच माहिती परत आली' असे कोणी म्हणेल, म्हणून टीए९८ या वाणाचा तपशील देते. त्याच्या जनुकातून एक अक्षर गळाल्यामुळे पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची वाचनचौकट सरकलेली असते. ते पूर्वपदावर येते तेव्हा बहुतेक वेळा गळालेले अक्षर परत येत नाही. आणखी दोन अक्षरे गळतात, एकूण तीन जातात आणि चौकट जुळते. म्हणजे काम परत येते, पण जो क्रम ते काम करतो तो मूळ जनुकात कधीच नव्हता.

खाडीपूल :

टीए९८ चा तपशील मला नवा होता आणि तो महत्त्वाचा आहे. तरीही काम तेच राहिले : हिस्टिडीन बनवणे. मी पूर्वी नसलेले काम मागतो आहे. शिवाय पोथी सुधारायला एकनाथ होते. निसर्गात पाठ पारखणारे कोण आहे?

पारसिक :

पारखणारे कोणी लागत नाही. ज्या पेशीला त्या थाळीवर वाढता आले तिचाच वंश उरला, एवढीच पारख तेथे होते. पोथीचे उदाहरण आणखी एका जागी अपुरे पडते. नक्कलकार चुकला की त्या प्रतीपुरता मूळ शब्द जातो. जनुकाची मात्र कित्येकदा दुहेरी प्रत होते, आणि मग एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते. सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा विस्ताराने मांडला. आपल्या डोळ्यातील लाल आणि हिरवा ओळखणारी दोन जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, कारण ती एकाच जनुकाच्या दुहेरीकरणातून आली.

पूर्वी नसलेल्या कामाचे उदाहरण अंटार्क्टिक समुद्रातील माशांचे आहे. तिथले पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असते, तर सामान्य हाडाळ माशाचे रक्त त्याच्या बरेच आधी गोठते. नोटोथेनिऑइड गटातील मासे जगतात ते रक्तातील एका गोठणरोधक प्रथिनामुळे. चेन, डेव्हरीज आणि चेंग यांनी १९९७ मध्ये दाखवले की त्याचे जनुक ट्रिप्सिनोजेन या पाचक विकराच्या जनुकातून आले आहे. जुन्या जनुकाची सुरुवात आणि शेवट ओळखू येतात. मधला मोठा भाग गेला आहे, आणि त्याच्या जागी नऊ अक्षरांचा एक तुकडा पुनःपुन्हा आला आहे. तो तुकडा मुळात अंशतः प्रथिनाचा संकेत नसलेल्या भागातला होता. १९९९ मध्ये अंटार्क्टिक टूथफिशमध्ये अर्धे पाचक, अर्धे गोठणरोधक असे मधल्या टप्प्यातले जनुकही सापडले. अन्न पचवणे आणि रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू न देणे, ही कामे कोणत्याही व्याख्येने एकच ठरणार नाहीत.

खाडीपूल :

हे उदाहरण जोरदार आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ते प्रथिन थ्रिओनिन, अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन या तिघांचीच लांबलचक पुनरावृत्ती आहे. त्यात विकराला लागते तशी, साखळी दुमडून बनणारी नेमकी त्रिमितीय घडी नाही. डग्लस अ‍ॅक्स यांनी २००४ मध्ये बीटा-लॅक्टमेज या प्रतिजैविक तोडणाऱ्या विकराच्या एका भागावरून काढलेला अंदाज असा होता की तशी कार्यक्षम घडी दहाच्या ७७ व्या घातातील एखाद्याच क्रमात मिळेल. तो बरोबर असेल, तर पृथ्वीचे सारे वय आंधळ्या शोधाला पुरणार नाही. पालकांच्या आक्षेपातला खरा दम मला येथे दिसतो, आणि माशाच्या रक्ताने तो निघून जात नाही.

पारसिक :

तो अंदाज एकाच विकराची, आधीच दुर्बल केलेली प्रत घेऊन, तिच्यात किती बदल खपतात यावरून काढलेला आहे. तिथून 'कोणतेही उपयुक्त प्रथिन किती दुर्मीळ' येथे पोहोचणे ही मोठी उडी आहे. कीफ आणि शॉस्टाक यांनी २००१ मध्ये तो प्रश्न थेट प्रयोगाने विचारला. ८० अमिनो आम्लांची सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक प्रथिने तयार करून त्यांतून एटीपीला (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला) बांधणारी त्यांनी शोधली, आणि चार वेगवेगळे गट हाती लागले. त्यांचा अंदाज सुमारे दहाच्या ११ व्या घातात एक असा आला. ७७ आणि ११ या घातांमधला फरक अचूकतेच्या किरकोळ वादाने भरून निघणारा नाही. जीवाणूंच्या जगात दहाचा ११ वा घात ही मोठी संख्याही नव्हे.

कोपरीकर :

परीक्षानळीत एटीपीला बांधणे आणि जिवंत प्राण्याला उपयोगी पडणे यांत अंतर आहे, हे खाडीपूल यांच्या वतीने मीच नोंदवतो. त्यावर काही आहे का?

पारसिक :

आहे. फळमाशीत गोडार्ड नावाचे एक जनुक आहे. दूरच्या नातेवाईक कीटकांत त्याचे भावंड सापडत नाही, आणि सर्व पुराव्यांवरून ते पूर्वी जनुक नसलेल्या डीएनएतून, बहुधा ५ कोटी वर्षांपूर्वी उगवले असे दिसते. २०२१ मध्ये त्याच्या प्रथिनाची रचना अभ्यासली गेली, तेव्हा मध्यभागी एक लांब, स्थिर सर्पिल असल्याचे आढळले. हे जनुक काढून टाकले की नर निर्बीज होतो, कारण शुक्रपेशींची वाढ अखेरच्या टप्प्यात अडते. क्रम माणसाने आखलेला नाही, प्राणी जिवंत आहे आणि प्रथिनाला आकार आहे.

खाडीपूल :

एक सर्पिल म्हणजे विकराची घडी नव्हे, हे मी धरून ठेवतो. मात्र पालकांना उत्तर देताना मासुंदा यांनी 'कधीच नाही' या दाव्यापुढे टीए९८ आणि अंटार्क्टिक मासा ठेवावा, याला माझी हरकत नाही. अनेक सर्पिले आणि पट्टे एकत्र दुमडून क्रियाशील खोबण तयार झालेले विकर, जनुक नसलेल्या डीएनएतून आलेले आणि मधले टप्पे हाती असलेले, असे उदाहरण पारसिक यांना ठाऊक असेल तर त्यांनी ते येथेच द्यावे. मी ते मूळ आकडेवारीसह वाचीन.

पारसिक :

इतक्या अटी एकत्र पुऱ्या करणारे उदाहरण माझ्याकडे नाही. आपल्याला माहीत असलेली बहुतेक घड्यांची विकरे फार जुनी आहेत, आणि त्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांच्या खुणा अब्जावधी वर्षांत पुसल्या गेल्या आहेत. नवी विकरे बहुधा जुन्या घडीच्या दुहेरी प्रतीतून येतात, कोऱ्या डीएनएतून नव्हे. म्हणून शोध घ्यायचा तर तो गोडार्डसारख्या तरुण जनुकांत घ्यावा लागेल.