मदत हवी आहे : चेचन्यातल्या कोम्सोमोल्स्कोये गावातल्या लोकांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी मी दुसऱ्या चेचेन युद्धावर (रशियन फौज विरुद्ध चेचन्या या रशियाच्या दक्षिणेकडच्या प्रांतातले फुटीर बंडखोर) लेख लिहिते आहे, आणि तो एकाच गावाभोवती फिरतो : चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं कोम्सोमोल्स्कोये. आज त्याला गोय-चू म्हणतात.

मार्च 2000. ग्रोझ्नी रशियन फौजेच्या हाती पडल्यावर डोंगरात अडकलेले, चेचेन बंडखोरांचा सेनापती रुस्लान गेलायेवचे लोक खाली उतरले आणि या गावात शिरले. गेलायेव तिथलाच. रशियन फौजेनं गावाला वेढा घातला. तोफा, रणगाडे, विमानं, शिवाय ‘बुरातिनो’ हे आगीचे रॉकेट सोडणारं अस्त्र. दोनेक आठवड्यांत गावात धड घर उरलं नाही. गावकऱ्यांना बाहेर काढून उघड्या माळावर अडवून ठेवलं होतं. मार्चची थंडी, अंगावरचे कपडे, कडेवर पोरं, आणि समोर आपलीच घरं जळताना दिसतायत. माझ्या लेखात मला ही माणसंच हवी आहेत. सेनापतींवर ढीगभर लिहिलेलं मिळतं, माळावरच्या बायांवर मात्र चार ओळी.

तर विचारायचं असं, की रशियन वाचता येणारं कुणी आहे का? (तिकडे मेडिकल केलेली आपली बरीच मुलं आहेत.) गावकऱ्यांच्या मुलाखती कुठे शोधायच्या? मानवाधिकार संघटनांचे त्या वेळचे अहवाल कुणी चाळलेत का? लोक परतल्यावर घरं कशी उभी राहिली, भरपाई कुणाला मिळाली, यावर काही वाचलं असेल तर जरूर सांगा. दोन-तीन पानांचा अनुवाद करून देणाऱ्याचं नाव लेखात आवर्जून देईन.