मदत हवी आहे: निर्वासित छावणीत नळाला क्लोरीन आहे, पण घरातल्या भांड्यात नाही

निर्वासितांच्या छावणीत पाणी आणि स्वच्छतेचं काम बघतो. अजून कॉलरा नाही, पण आमच्या भागात जुलाबाचे रुग्ण वाढलेत. नळाजवळ तपासलं तर उर्वरित क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेला) 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ठीक. तेच पाणी संध्याकाळी झोपडीतल्या भांड्यातून घेतलं की तपासणीची गोळी टाकूनही गुलाबी रंग येत नाही, म्हणजे क्लोरीन उरलेलाच नसतो. बहुतेकांकडे उघड्या बादल्या आहेत, पेला थेट आत बुडवतात, लहान मुलांचे हातही त्यातच.

पोस्टर लावून झाले (निम्म्या लोकांना वाचता येत नाही, ही आमचीच चूक), भोंग्यावरून सांगून झालं. घरी टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्याही वाटल्या, पण ‘याने मूल होत नाही’ अशी अफवा उठली आणि गोळ्या तशाच पडून राहिल्या. वासाची तक्रार तर रोजचीच.

पाणी माणशी 15 लिटरच्या आसपास मिळतं, त्यामुळे भांडी धुवा म्हणणंही जड जातं. झाकणाचे नवे कॅन घ्यायला सध्या पैसे नाहीत. छावणीतल्याच दोन बायका दुभाषी म्हणून सोबत असतात, लोक त्यांचं ऐकतात. ओआरएस आणि दवाखान्याची सोय आहे, त्याबद्दल विचारत नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारतो: नळावरचा डोस थोडा वाढवावा, की वासामुळे लोक उघड्या ओढ्याकडे वळतील? आणि ती अफवा मोडायला सुरुवात कुणापासून केलीत, दाया, धर्मगुरू की आधी गोळ्या वापरणारी घरं?