मदत हवी आहे: जोरदार हिमवर्षावानंतर ताज्या पावडरवर (नुकत्याच पडलेल्या, हलक्या भुसभुशीत बर्फावर) स्कीइंगसाठी कोणता दिवस धरावा?

अंदाजात 36 तासांत 50 ते 60 सेंटीमीटर बर्फ आहे, पहाटे थांबेल. त्याच सकाळी स्की रिसॉर्ट गाठावं की एक दिवस थांबावं, इथे निर्णय अडला आहे.

त्याच सकाळी उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टपैकी खालच्या चालू मिळतात, पण वरच्या उतारांवर स्फोटकांनी हिमस्खलन मुद्दाम पाडण्याचं काम सुरू असतं. वारा जोराचा असला तर वरची चेअरलिफ्ट बंदच. दुसऱ्या दिवशी वरचा भाग बहुधा उघडतो, पण तोवर उन्हाच्या बाजूचा बर्फ दुपारी ओलावून रात्री गोठतो आणि वर पापुद्रा धरतो. स्की तो फोडून आत जाते आणि वळताना अडकते. सावलीतल्या, झाडीतल्या उतारांवर पावडर जास्त टिकते, म्हणून नकाशावर आधी तेच शोधले आहेत.

खरी काळजी तापमानाची आहे. बर्फ उणे 2 अंशांवर सुरू होऊन उणे 10 वर थांबला, तर खाली जड आणि वर हलका थर बसतो; त्यावर स्की छान तरंगते. इथे अंदाज नेमका उलटा आहे! हलक्यावर जड थर म्हणजे स्कीची टोकं रुततात, शिवाय थर घसरण्याचा धोकाही वाढतो. पहिले 24 ते 48 तास रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जाणार नाहीच.

अशा उलट्या थरात पहिली सकाळ घ्यावी का? आणि वरची लिफ्ट उघडेल की नाही, हे आदल्या रात्री कशावरून ओळखता: शिखरावरच्या झोताच्या वेगावरून की वाऱ्याच्या दिशेवरून?