लातूरचा मालधक्का: लूप वाढवा
दादा, बार्शी लाइट रेल्वेचा लातूर मालधक्का 1:87 प्रमाणात मॉडेल म्हणून करताय, तर 9 मिमी गेजचाच (दोन रुळांमधल्या अंतराचा) रूळ घ्या. खरा गेज 762 मिमी, म्हणजे 8.76 येतो, 1:76 च्या नादी लागू नका.

तुमचा 400 मिमीचा लूप (मुख्य मार्गाला दोन्ही टोकांना जोडलेला बाजूचा रूळ) मात्र तोकडा पडणार. वाघीण (मालडबा) 25 फुटी, म्हणजे मॉडेलमध्ये 88 मिमी, कपलिंग धरून 95. पाच वाघिणींना दोन्ही सांध्यांच्या (रूळ फुटतात त्या जागांच्या) फाउलिंग मार्कांमध्ये, म्हणजे ज्यापुढे उभी वाघीण शेजारचा रूळ अडवते त्या खुणांमध्ये, 475 मिमी तरी मोकळे हवेत. नाहीतर शेवटची वाघीण सांध्यावर लटकते नि इंजिनाला दुसऱ्या टोकाला जायची वाटच बंद.

रिकाम्या वाघिणी ढकलताना वळणावर रुळावरून उचलल्या जातात. फरशीखाली शिसं चिकटवा, पण सगळ्यांचं वजन सारखं. मधे एक हलकी राहिली की तीच उडते.

डाळीची पोती लांबीला 10 मिमीच्या आसपास बरी. मोठी केलीत तर गाद्याच वाटतात!