बाबांची बायपास झाली, गुरुवारी घरी येतायत. नौपाडा, तिसरा मजला, लिफ्ट नाही

नौपाडाकर:
बाबा ६८ वर्षांचे. तीन ग्राफ्ट, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्यांना वळसा देणारे तीन जोड. त्यासाठी शीर डाव्या पायातली काढलीये. घरी आई आणि मी. हॉस्पिटलसारखा पलंग भाड्याने घ्यावा का? अजून काय आणून ठेवू?

कोलबाडची_सून:
पलंग आम्ही घेतला होता, दहा दिवसांत अडगळ झाला. पाठीमागे उशा रचल्या तरी भागतं. पैसे घालायचेच तर कमोडच्या उंच सीटवर घाला. सासरे उठताना दोन्ही हात टेकायचे, आणि ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधलेलं असताना नेमकं तेच नको असतं. पलंगावरून उठताना कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, तुम्ही पाठीला आधार द्यायचा. काखेत हात घालून ओढू नका. खोकला आला की उशी छातीशी घट्ट. आमच्याकडे ती उशी देवपूजेलाही सोबत असायची!

घोडबंदर_त्रस्त:
घरी आणताना रिक्षा अजिबात नको. गाडीत मागे बसवा, बेल्टखाली टॉवेलची घडी. जिन्यात दर मजल्यावर खुर्ची ठेवा, कठडा धरून स्वतःला वर ओढायचं नाही. आणि फुप्फुसांच्या व्यायामाला ते तीन चेंडूंचं यंत्र देतात ना, ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. आमचे अण्णा चार दिवस फुंकत होते.

वॉर्डातली_ताई:
रोज सकाळी वजन लिहा. एका दिवसात किलो-दीड किलो वाढलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा छातीचं हाड कट्कन वाजल्यासारखं वाटलं, तर लगेच सर्जनना फोन. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. जखमेवर हळद, तेल, पावडर काही नाही. डावा पाय सुजेल, बसताना वर ठेवा. छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे सहज जातात, तोवर बादली नाही, कुकर नाही, नातवंडं उचलणं नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं वाईट.

कोलबाडची_सून:
एक राहिलंच. सासरे बातम्या बघता बघता रडायचे. आम्ही घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणांना होतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं. नाही ओसरलं तर डॉक्टरांना सांगा.

नौपाडाकर:
सगळ्यांचे आभार, सीट आजच आणतो. आता डोंबिवलीची आत्या शुक्रवारी सात जणांना घेऊन येतेय, तिचं काय करू?

घोडबंदर_त्रस्त:
डॉक्टरांनी बंदी घातलीये म्हणा. आमच्याकडे सगळ्या आत्यांना हेच सांगितलं होतं.